बिजली दस्त्यातला चौथा गडी

२ नोव्हेंबर, रविवार

देऊळगाव राजाच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली नाही, वही लिहायला सांगितली. म्हणाले, भागवतराव, डोकं कशाने तापतं ते त्या त्या दिवशी लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी घेऊन या. दाखवणार तर मी नाहीच. पण खतवाल्यांनी फुकट दिलेली दैनंदिनी दुकानात कोरी पडून होती, ती कामी येईल. माझं डोकं कशाने तापतं हे साखरखेर्ड्यात कोणीही सांगेल. पेरून झाल्यावर बियाण्याची रिकामी पिशवी परत करायला येणारं गिऱ्हाईक, पंखा सुरू ठेवून खोलीबाहेर जाणारी माझी मुलगी, आणि आजपासून प्रसेनजित.

सकाळी दहाला स्वयंपाकघरातून एका पुरुषाचा आवाज आला. जाऊन बघतो तर सुचिता मेथी निवडत बसलेली, वैष्णवीने फोन डब्याला टेकवून ठेवलेला, आणि फोनमध्ये एक माणूस आपल्या बोलीत गोष्ट सांगत होता. ‘अन् मंग रणजयनं जीप अशी घातली नाल्यात, अन् भेव वाटलं तशी सदऱ्याची कॉलर दातात धरली.’ मी दारातच थांबलो. ही ‘बिजली दस्ता’, टीव्हीवरची हिंदी मालिका. मी बारा वर्षांचा असताना दर रविवारी दहाला लागायची. सहा महिने आम्ही पोरं दुसरं काही बोलतच नव्हतो.

मग माणूस ओळखला. गाल भरलेत, कपाळ मागे सरकलंय, पण तोच. दयारामचा प्रसेनजित, शाळेत माझ्या वर्गात होता. आता तिकडे जळगाव जामोदला मास्तर आहे. दर रविवारी त्याच वेळेला एक भाग सांगतो म्हणे, आज पंधरावा होता. वैष्णवी म्हणाली, ब्याऐंशी हजार लोक ऐकतात. मी म्हणालो, हे सगळं त्याने आपल्या टीव्हीवर पाहिलंय. सुचिता मेथीतून मान वर न काढता म्हणाली, ‘मंग तुम्ही काऊन नाही सांगत?’

मी चपला घातल्या आणि दुकानात गेलो.

३ नोव्हेंबर, सोमवार

त्याचा पहिला भाग शोधून ऐकला. सुरुवातीलाच म्हणतो, ‘आमच्या गावात तवा एका घरी टीव्ही होता.’ एका घरी. वामनरावांच्या घरी म्हणायला जीभ झिजते का? माझ्या बाबांनी तो टीव्ही जालन्याहून एसटीच्या टपावर आणला होता, घोंगडीत गुंडाळून, आणि स्वतः टपावर त्याला धरून बसले होते. हे कोणी ब्याऐंशी हजार लोकांना सांगत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी आहे, तरी दहा वाजता घरी आलो. पाणी प्यायला आलो असं सांगितलं. सोळावा भाग पूर्ण ऐकला. चांगला सांगतो, हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

आमच्याकडे तेव्हा चित्र धड येत नसे. अंगणात खिडकीबाहेर वीस फुटी लोखंडी पाइप उभा केला होता, त्याच्या टोकावर अँटिना. त्याची चपटी वायर खिडकीतून आत यायची. वायर आखूड होती म्हणून टीव्ही खिडकीलाच पाठ लावून ठेवलेला, तोंड खोलीकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग कोणीतरी बाहेर जाऊन पाइप फिरवायचा आणि आतून सगळ्यांनी ओरडायचं, आलं, आलं, गेलं, थोडं मागं घे. गंमत अशी की प्रसेनजितने पाइप धरला की चित्र स्वच्छ व्हायचं आणि त्याने हात काढला की जायचं. त्याच्या हातातच काहीतरी होतं. म्हणून ते काम कायमचं त्याच्याकडे गेलं. बाबा आतून म्हणायचे, ‘हलू नको बरं पोरा.’ तो हलायचा नाही. बाकीची पोरं खोलीत दाटीवाटीने बसायची, त्याला मोकळ्यावर बरं वाटायचं. खिडकी त्याच्या समोरच होती, तिथून आरामात बघायचा.

आणि सोमवारी शाळेच्या पायऱ्यांवर हाच प्रसेनजित कालचा भाग सांगायचा. ज्यांनी पाहिलेला नसायचा ती पोरं जमायचीच, पण ज्यांनी आमच्या खोलीत बसून पाहिला होता तीसुद्धा जमायची. मीही जायचो. टीव्ही माझा, पहिल्या ओळीतली जागा माझी, आणि पोरं त्याच्याभोवती. मला तेव्हाही ते सहन व्हायचं नाही. पण ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा १४ डिसेंबरला. समितीत मी आहे. मंडप मी देतोय, खुर्च्या मी देतोय. सत्काराला कोणाला बोलवायचं हा विषय निघाला तेव्हा मी नम्रपणे खाली बघत बसलो. किसनराव गुरुजी म्हणाले, ‘आपल्या प्रसेनजितले बोलवू. पोरं येडी हायेत त्याच्या मांगं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, भागवत, तू त्याचा बालमित्र, ओळख तू करून दे.

मी हो म्हणालो. खाली बघत होतो तेच बरं झालं, माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सतरावा. मौनीचा भाग.

मौनीबद्दल लिहायला हवं. दस्त्यात, म्हणजे त्या तुकडीत, चौघे होते. म्होरक्या रणजय, गाडीवरची तारा, यंत्रं बनवणारा उस्ताद आणि मौनी. मौनी बोलत नसे. खेळताना मी नेहमी रणजय व्हायचो कारण टीव्ही आमचा होता, पण मनातून मला मौनीच आवडायचा. सतराव्या भागात रणजय बोगद्यात अडकतो, टेकडीवरचा बिनतारी खांब वादळात डुलतो, आणि निरोप पोचला नाही तर धरण फुटणार असतं. मौनी टेकडी चढतो आणि तो खांब हाताने धरून उभा राहतो. विजा पडतात, तो हलत नाही. निरोप पोचतो. बाबा गेले त्या दिवशी अंगणात लोक जमत होते आणि मला रडूही येत नव्हतं, तेव्हा मी त्या मौनीला आठवून उभा होतो. वैष्णवी सहा वर्षांची असताना डेंग्यूने दवाखान्यात होती, तेव्हा तिला मी हीच गोष्ट सांगितली होती. ही माझी गोष्ट आहे.

आज प्रसेनजितने ती सांगितली आणि वैष्णवी रडली. हुंदके देऊन. मी म्हणालो, ही तर मी तुला केव्हाच सांगितली होती. ती म्हणाली, ‘हो बाबा, पण तुमची निरोप पोचला तिथंच संपायची. काकांची पुढं हाय.’

पुढे त्याने असं सांगितलं. निरोप पोचतो, रणजय सुटतो, सगळे छावणीत परत येतात, शेकोटी करतात, हसतात. मौनी तिकडे खांब धरून तसाच उभा. सकाळ होते, तरी उभा. ‘काऊन का त्याले कोणी म्हणलंच नाही, का बाबा, सोड आता.’ एवढ्यावर व्हिडिओ संपला.

मला हा शेवट अजिबात आठवत नाही. त्याने पदरचा लावलाय. मूळ गोष्टीला असं करायचा त्याला काय अधिकार?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मिळाली. कोणा भल्या माणसाने ‘बिजली दस्ता’चे सव्वीसच्या सव्वीस भाग नेटवर टाकून ठेवलेत. आता बघतो. दुपारी दोन ते चार दुकानात माशी नसते. एकेक भाग पाहणार आणि प्रसेनजितची एकेक चूक वहीच्या मागच्या पानावर उतरवणार. मेळाव्यात ओळख करून द्यायची आहे ना, मग नीट करून देऊ.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच भाग झाले. आधी एक कबूल करतो. मालिका फार फुसकी आहे. खलनायकाचा, म्हणजे दैत्याचा, अड्डा पुठ्ठ्याचा आहे, दार आपटलं की सगळी भिंत हलते. जीप दरी ओलांडते तेव्हा तिला बांधलेला दोरा दिसतो. आमच्या टीव्हीत तो दिसायचा नाही, मुंग्यांमध्ये लपायचा. रणजयचं काम करणारा नट आता माझ्यापेक्षा लहान वाटतो, वाटतो कसला, आहेच, तेव्हा तो तिशीतला असेल. बारा वर्षांच्या मला हा माणूस देव वाटायचा. दुकानात एकटाच बसून हसलो आणि मग जरा वाईट वाटलं.

पण चुका भरपूर सापडल्या. प्रसेनजित रणजयला मिशा लावतो. मिशा नाहीत. उस्ताद त्याच्या गोष्टीत काडीसारखा आहे, इथे चांगला पोत्याएवढा आहे, फक्त आवाज किनरा. दैत्याचा अड्डा तो नदीखालच्या गुहेत सांगतो, मालिकेत तो बंद पडलेला कारखाना आहे आणि एक नळ गळतोय. ताराकडे बुलेट नाही, भलतंच तीनचाकी खटारं आहे. आणि रणजय कॉलर चावत नाही. चावेल कशी, त्याच्या अंगातल्या जाकिटाला कॉलरच नाही.

संवाद मात्र त्याचे एकेक बरोबर. शब्दाला शब्द. तो हिंदीतलं वाक्य म्हणतो आणि मग आपल्या बोलीत सांगतो, ते वाक्य तंतोतंत निघतं. एवढं पाठ असणारा माणूस मिशा कसा विसरतो, कळत नाही. मजा आणायला मुद्दाम बदलत असणार.

मौनी अजून आला नाही. उशिरा आला असेल दस्त्यात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा भाग. मौनी नाही. आज एका गिऱ्हाइकाला तूर फवारणीचं औषध द्यायचं ते तणनाशक काढून दिलं. त्यानेच ओळखलं म्हणून बरं. म्हणाला, भागवतभाऊ, ध्यान कुठं हाय. रक्तदाब मोजला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सतरावा पाहिला. तीनदा पाहिला.

वादळ आहे. बोगदा आहे. टेकडी आहे, टेकडीवर खांब आहे. खांब डुलतो, बिनतारी यंत्र खरखरतं, मग खांब आपोआप थांबतो आणि निरोप पोचतो. चार-पाच सेकंद नुसता खांब दिसतो. त्याच्याजवळ कोणी नाही.

दस्त्यात तिघेच आहेत.

आधी मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, फार झाला. सापडला गडी. ब्याऐंशी हजार लोकांना जो रडवतो तो माणूस मालिकेतच नाही. मग चहा आला, तो प्यायला आणि आनंद उतरला. कारण मौनी मलाही आठवतो. त्याची ओली बाही आठवते, खांबाला लावलेला हात आठवतो. बाबा गेले तेव्हा मी त्यालाच आठवलं होतं.

नेटवर टाकणाऱ्याने कापला असेल. हो, तसंच असणार.

४ डिसेंबर, गुरुवार

सव्विसावा संपला. कापलेलं काही नाही. शेवटी श्रेयनामावली येते, त्यात तीन नावं.

म्हणजे मौनी प्रसेनजितने बनवला आणि सोमवारी पायऱ्यांवर बसून आमच्या डोक्यात घातला. माझ्या घरचा टीव्ही, माझी मालिका, आणि त्यातलं मला सगळ्यात प्रिय असलेलं माणूस ह्याचं. बाबांच्या वेळी मी ज्याला धरून उभा राहिलो तोही ह्याचाच. ह्याला सगळं मिळालं. नाव, लोक, माझी मुलगी, आणि आता ही जुनी आठवणही त्याच्या नावावर निघाली. माझा जळफळाट होतोय, दुसरा शब्द मला सुचत नाही. डॉक्टरांनी खरं लिहायला सांगितलंय.

ठरवलं. मेळाव्यात लोक त्याला मौनीचाच भाग सांगायला लावणार. त्याचं झालं की मी शाळेच्या पडद्यावर खरा सतरावा भाग लावणार. काही बोलायचीही गरज नाही.

१४ डिसेंबर, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

मंडप भरला होता. जळगाव जामोदहून तो एसटीने आला, मोताळा-बुलढाण्यावरून गाड्या बदलत, साधा सदरा, खांद्याला पिशवी. मला पाहून थांबला, हसला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, ‘भागवत, तू तर वामनकाकासारखाच दिसून राह्यला बे.’ मी म्हणालो, प्रवास बरा झाला का.

ओळख करून दिली. लिहून नेलेलं चांगलं होतं. मध्ये एक वाक्य घातलं, की प्रसेनजितने ही मालिका आमच्याच घरच्या टीव्हीवर पाहिली. त्याने मान हलवली, हो म्हणाला की नाही हे कळलं नाही.

मग पोरांनी मौनी, मौनी असा धोशा लावला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. माईक बाजूला ठेवला होता. मंडपात पाचशे माणसं, आणि आवाज फक्त त्याचा. तो ‘सोड आता’ वर आला तेव्हा पहिल्या ओळीतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. किसनराव गुरुजींनी चष्मा काढला. मला माझ्या हातातल्या रिमोटची लाज वाटत होती, तरी मी उठलो. म्हणालो, आता सर्वांसाठी एक भेट, मूळ मालिकेतला हाच प्रसंग. आणि लावला.

पडद्यावर पुठ्ठ्याची टेकडी, दोऱ्यावरची वीज, खांब. खांब डुलला. पोरं मौनीची वाट पाहत होती. खांब थांबला, निरोप पोचला. कोणी आलं नाही. मंडपात कुजबुज झाली. एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, मौनी कुठं हाय. मी प्रसेनजितकडे बघितलं. मला वाटलं होतं, तो मान खाली घालेल.

तो खुर्ची सोडून खाली आला होता आणि पडद्यासमोर पोरांमध्ये मांडी घालून बसला होता. तोंड उघडं. भाग संपेपर्यंत हलला नाही. उस्ताद पडद्यावर आला तेव्हा खळखळून हसला, म्हणाला, हा इतका जाडा हाय व्हय. मग उठला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘बरं झालं लावलंस भागवत. मी हे पाह्यलंच नव्हतं.’

लोक हसले. विनोद चांगला होता, मी मानतो. पण मी सोडणार नव्हतो. सर्वांसमोर विचारलं, मग मौनी कितव्या भागात आहे?

तो पडद्याकडे वळला. टाळायला नाही, खरंच उत्तर शोधत असल्यासारखा. मग म्हणाला, ‘तो बाहेर होता ना रे. बाहेरचा मानूस पडद्यावर कसा दिसन?’

टाळ्या. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. सगळे पुरावे माझ्या हातात आणि बाजी त्याची. मी रिमोट खिशात घातला.

कार्यक्रमानंतर सुचिताने त्याला चहाला बोलावलं. माझ्या कानावर न घालता. तो दारात चपला काढून थांबला, ती दोनदा या म्हणाली तेव्हा आत आला. बैठकीत उभा राहून सगळीकडे बघत होता. मग विचारलं, ‘टीव्ही इथं कुठं होता?’ आता ह्याला काय म्हणावं. सव्वीस भागांचे संवाद पाठ, आणि टीव्ही कुठे होता हे आठवत नाही. मी खिडकीकडे बोट दाखवलं. तो खिडकीपाशी गेला, गजातून बाहेर अंगणात बघितलं. पाइप अजून आहे, वरचा भाग कापलाय, पुरुषभर उंचीचा ठेवलाय, सुचिता त्याला कपड्याची दोरी बांधते. तो त्याच्याकडे बघत म्हणाला, ‘इथून असं दिसते व्हय.’ माझ्या आईच्या पाया पडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचा विसरली. पाच मिनिटांत चहा पिऊन गेला, गाडी चुकेल म्हणाला.

वैष्णवी माझ्याशी बोलत नाही. एकच वाक्य बोलली. ‘बाबा, तुम्ही हे त्यांच्याशी काऊन केलं?’ मी म्हणालो, मी फक्त खरं दाखवलं. ती उठून खोलीबाहेर गेली, पंखा सुरू ठेवून.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज आई उन्हात बसली होती, तिला विचारलं. म्हणालो, प्रसेनजितला आपण कधी आत येऊ नको असं म्हणालो होतो का? आई म्हणाली, नाही बा, कोणी म्हणलं नाही. मी म्हणालो, तेच तर. तिने बराच वेळ पायाचं बोट चोळलं. मग म्हणाली, ‘ये बी कोणी म्हणलं नाही.’

मी उठून जायला लागलो तशी ती मागून म्हणाली, तू तरी कुठं शुद्धीवर असायचास, टीव्ही लागला का सदऱ्याची कॉलर तोंडात, सगळे सदरे चावून ठेवले होते, तुझ्या बाबांनी त्यासाठी मारलंही एकदा. तिला हे आठवून हसू आलं.

मला आलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी दुकान उघडलं नाही. अंगणात जाऊन पाइपाजवळ उभा राहिलो, तो जिथे उभा राहायचा तिथे. हात वर करून पाइप धरला आणि खिडकीतून आत बघितलं.

टीव्ही दिसत नाही.

तिथून दिसूच शकत नव्हता. आता खिडकीत त्या जागी शिलाई मशीन आहे, त्याची पाठ दिसते. तेव्हा टीव्हीची पाठ दिसत असणार. आवाज ऐकू येत असेल, अगदी स्पष्ट. आणि टीव्हीच्या वरून समोर बसलेल्यांची तोंडं दिसत असतील. पहिल्या ओळीत मी. तो सहा महिने माझं तोंड बघत उभा होता. त्याचा रणजय कॉलर चावतो, कारण मी चावायचो. मिशा बाबांच्या असतील. मागच्या पानावरच्या माझ्या यादीत सत्तावीस चुका आहेत, आणि त्यातली एकही ऐकण्याची नाही, सगळ्या बघण्याच्या आहेत. यादी मीच केली आणि मलाच हे दिसलं नाही.

आम्ही त्याला हलू नको म्हणायचो. सोड आता असं कोणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. भाग संपला की आम्ही सगळे मागच्या दाराने खेळायला पळायचो.

हेवा गेला असं लिहिणार नाही. उलट आज जास्त वाटतोय. आम्ही अख्खी मालिका पाहिली आणि आम्हाला तिघेच दिसले. त्याने काही न बघता चौथा केला, आणि मला आयुष्यभर तोच पुरला.

भाग बावीस मिनिटांचा असायचा. म्हटलं, तेवढा वेळ उभं राहून बघू. सहाव्या मिनिटाला खांद्यात कळ आली, दहाव्याला बोटं बधिर झाली. आत वैष्णवी येऊन माझ्या जुन्या जागी बसली, फोनवर काहीतरी ऐकत होती. तोंड किंचित उघडं, ओढणीचं टोक दातात. तिला मी दिसलो नाही.

दिसलो तो आईला. ती काठी टेकत खिडकीशी आली, गजातून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘बाहेर काऊन उभा हायस रे? आत ये ना.’

मी पाइप सोडला नाही. अजून बारा मिनिटं बाकी होती.